आद्यनमुन्याच्या शोधात एक जावा

पौड रस्त्याने शहराकडून कोथरुडात येताना उजव्या हातास वेताळ टेकडी लागते. पहाटे फिरावयास जाणारे पुणेकर तिच्या एका भागास सरळ ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था 1966 साली वाहन उद्योग आणि केंद्र सरकारचे उद्योग मंत्रालय यांनी मिळून स्थापन केली. तिच्या कामाविषयी टेकडी चढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहिती असते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील 126 वा नियम सांगतो की, कारखानदाराने नव्या वाहनाचा आद्यनमुना, म्हणजे प्रोटोटाइप, मान्यताप्राप्त संस्थेकडे परीक्षेस द्यावा. त्या संस्थांत अहिल्यानगरची (पूर्वीचे अहमदनगर) संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, तशीच ही कोथरूडचीही आहे. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या कितीतरी गाड्यांचे पहिले भावंड या टेकडीवर येऊन गेलेले आहे.

या टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका परिचित कुटुंबाकडून आम्हांस निरोप आला. त्यांच्या दारात आजोबांची जावा मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी होती. आजोबा एका कारखान्यात फिटर होते. गाडीविषयी घरात एक आख्यायिका रूढ झाली होती: ही साधी गाडी नव्हे, कारखान्याने विक्रीपूर्वी बनविलेली, टेकडीवर तपासलेली आणि पुढे कशी कोण जाणे आजोबांच्या हाती आलेली ही नमुना-गाडी होय. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने, हे सिद्ध झाल्यास नेहमीच्या कितीतरी पट रक्कम देऊ केली होती. धाकट्या नातवाच्या शिक्षणाचा खर्च समोर होता. तेव्हा आमच्या शब्दास आम्हांस वाटत होते त्याहून अधिक वजन आले होते, आणि त्याचे दडपणही आले.

अशा रकमा केवळ कल्पनेतल्या नसतात. होंडा कंपनीने 1969 साली सीबी 750 ही चार सिलिंडरांची गाडी बाजारात आणली. उत्पादनापूर्वीच्या तिच्या मोजक्या नमुन्यांपैकी एक 2018 साली इंग्लंडमधील लिलावात 1,61,000 पौंडांस गेला. याच गाडीच्या पहिल्या 7,414 प्रतीही संग्राहक वेगळ्या ओळखतात, आणि त्याचे कारण मोठे बोधक आहे. एवढी महाग गाडी वर्षाला सुमारे दीड हजारच खपेल, असा कंपनीचा आरंभीचा अंदाज होता. डाय-कास्टिंगच्या पोलादी साच्यास प्रचंड खर्च येतो. तो हजारो नग काढल्यावरच वसूल होतो. म्हणून आरंभीची क्रँककेस स्वस्तातील साच्यांत ओतली गेली आणि तिचा पृष्ठभाग खरबरीत राहिला. लोकांनी तिला ‘सँडकास्ट’ असे नाव दिले. वास्तविक ते ओतकाम वाळूच्या साच्यातले नव्हतेच, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

नमुना-गाडीच्या खुणा उद्भवतात त्या या हिशेबातून. एकदोनच गाड्या बनवावयाच्या असतील तर कोणी महागडे साचे आणि प्रेसची डाय करून घेत नाही. टाकी व मडगार्ड हाताने ठोकून घडवितात. आतल्या बाजूस हातोडीचे वळ राहतात. पुढे ओतकामाने व्हावयाचा ब्रॅकेट तूर्त सबंध धातूच्या ठोकळ्यातून कोरून काढतात. डायमधून निघालेल्या भागावर साच्याची जोडरेषा आणि भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणा दिसतात. वाळूत ओतलेल्या भागावर दाणेदार त्वचा असते. प्रयोगात जागा बदललेल्या भागांची जुनी छिद्रे बुजविलेली आढळतात. नंबरही नेहमीच्या मालिकेत बसत नाही.

एवढे वाचून कोणासही आपल्या घरची गाडी नमुना वाटू लागेल! कारण हाताने ठोकलेले मडगार्ड, बुजविलेली छिद्रे आणि लेथवर काढलेले स्पेसर आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या गाडीत सापडतात. सुटे भाग मिळत नसत, मिळाले तर परवडत नसत. मग गल्लीतला मिस्त्री जे करी, ते प्रयोगशाळेतल्या फिटरच्या कामापेक्षा दिसावयास वेगळे नसे. विचित्रपणा हा पुरावा नव्हे. तो विचित्रपणा गाडीत केव्हा शिरला, हे ठरविता आले पाहिजे.

आम्ही ताडपत्री काढली. किक मारण्याचा दांडा पुढे वळवून त्यानेच गिअर बदलावयाचे, ही जावाची जुनी खोड तिच्यात शाबूत होती. कार्ब्युरेटरवर ‘जिकोव्ह’ आणि विजेच्या एका भागावर ‘पाल’ ही चेकोस्लोव्हाकियातील नावे होती. घरच्या मंडळींचा यावर मोठा भरवसा होता. परंतु म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 साली उत्पादन सुरू केले ते चेक गाडीच्याच आराखड्यावर, आणि आरंभी बरेच भाग तिकडूनच येत. तेव्हा ही नावे गाडी जुनी आहे एवढेच सांगतात.

आता सीटखालचा तो लोखंडी कान. चासीला हाताने वेल्ड केलेला असा कान दुसऱ्या कोणत्याही जावावर आम्ही पाहिला नव्हता, आणि व्यापाऱ्याचे बोटही नेमके त्यावरच होते. आम्ही ब्लेडच्या टोकाने रंगाचे थर हलकेच उकलले. वर काळा रंग, खाली जावाचा ठरलेला किरमिजी. कान कारखान्यात बसविला असता तर किरमिजी रंग वेल्डिंगवरूनही अखंड गेला असता. येथे तो वेल्डिंगच्या कडेला करपून फुगला होता आणि काळा मात्र वरून गेला होता. म्हणजे गाडी रंगून बाहेर पडल्यानंतर कधीतरी हे काम झाले.

एवढ्यात आजी बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, “अहो, ते पेटीचं स्टँड. नाताळात गायनाला जायचे ना हे, मागे पेटी बांधून. पेटी हलायची, म्हणून त्यांनीच करून घेतलं.”

नंबरांचे काम उरले होते. चासी नंबर आणि इंजिन नंबर यांवर कागद धरून आम्ही पेन्सिलीने ठसे घेतले; आरटीओच्या कामासाठी चासी प्रिंट घेतात तसेच. आकड्यांखालची ओतकामाची त्वचा घासलेली नव्हती आणि दोन्ही नंबर आरसी बुकाशी जुळत होते. आकडे किंचित वेडेवाकडे होते खरे; पण त्या काळी कारखान्यांतही पंच हातानेच ठोकीत, त्यामुळे तेवढ्यावर काही ठरत नाही. आरसी बुकातील नोंदणीचे साल मात्र 1964 होते. टेकडीवरची संस्थाच 1966 ची. विक्रीपूर्वीची गाडी तपासावयास ती संस्था तेव्हा जन्मलेलीच नव्हती. कोथरुडात राहावयास आल्यावर घरच्या आख्यायिकेने समोरच्या टेकडीचा आधार घेतला असावा. कारखान्याकडे विचारणा करण्याची सोयही उरलेली नाही. तो 1996 सालीच बंद पडला.

व्यापाऱ्यास हे कळविले, तेव्हा त्याने दुसरा मार्ग सुचविला: चासी घासून पावडर कोटिंग करू, क्रँककेसला बफिंग करू, मग रंगाचे थर कोण पाहतो? हा मार्ग केवळ अप्रामाणिक नव्हे. बफिंगने ओतकामाची त्वचा जाते, पावडर कोटिंगपूर्वी रंगाचा शेवटचा कणही निघतो, आणि उद्या एखादी खरी नमुना-गाडी समोर आली तर ती ओळखण्याचे साधनच उरत नाही. अशा ‘नवी कोरी’ केलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत; त्यांच्याविषयी बरेवाईट काहीच सांगता येत नाही.

थोरल्या नातवाने नकार कळविला. शिक्षणाच्या खर्चासाठी बँकेकडे अर्ज गेला आहे. पेन्सिलीचे दोन्ही ठसे आजींनी आरसी बुकात घालून कपाटात ठेवले, आणि त्या कानास पुन्हा काळा रंग लावू नये अशी ताकीद धाकट्यास दिली.