शिशाच्या काचेतून गेलेला प्रकाश

घरातील वीज, होकायंत्राची सुई आणि खिडकीतून येणारे ऊन यांचे परस्परांशी काही नाते असेल, असे आपल्या मनातही येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांनाही ते ठाऊक नव्हते. १८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेड यांना दिसले की, तारेतून वीज वाहू लागताच जवळची चुंबकसुई वळते. पहिला धागा तेथे हाती लागला.

पुढचे काम मायकेल फॅरडे यांनी केले. हे लोहाराचे चिरंजीव. चौदाव्या वर्षी लंडनमधील एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला राहिले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून शिकले. गणित त्यांना जवळजवळ येतच नव्हते! तरी १८३१ मध्ये त्यांनी चुंबकाच्या साहाय्याने तारेत वीज उत्पन्न करून दाखविली.

प्रकाशाचे कोडे मात्र सुटेना. दुर्बिणीच्या भिंगांसाठी त्यांनी पूर्वी अनेक वर्षे खपून शिसेयुक्त जड काच तयार केली होती. त्या कामी तिचा फारसा उपयोग झाला नव्हता. १३ सप्टेंबर १८४५ रोजी इतर पदार्थ निष्फळ ठरल्यावर त्यांनी हाच तुकडा विद्युतचुंबकाजवळ ठेवला. त्यातून एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडला आणि पलीकडचा स्फटिक असा फिरवला की दिव्याची ज्योत दिसेनाशी व्हावी. वीज सुरू करताच ज्योत पुन्हा दिसू लागली. चुंबकाने प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळविली होती.

फॅरडेंच्या कल्पनांना गणिताचे रूप दिले जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी. १८५७ मध्ये फॅरडेंनी या तरुणाला पत्र लिहून विचारले की, गणितज्ञांना आपले निष्कर्ष साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत काय? (हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी वर्गात मनातल्या मनात विचारला असेल!) पुढे मॅक्सवेल यांनी विद्युतचुंबकीय लहरींचा वेग काढला. त्यासाठी घेतलेले आकडे जर्मनीत १८५६ साली केलेल्या निव्वळ विजेच्या मोजमापाचे होते; त्यात प्रकाशाचा संबंधच नव्हता. उत्तर आले सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर. फिझो यांनी १८४९ मध्ये दातेरी चाक फिरवून मोजलेला प्रकाशाचा वेग जवळजवळ तेवढाच होता. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहरच आहे, हे मॅक्सवेल यांनी त्यावरून ओळखले.

हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण केल्या त्या १८८७-८८ मध्ये. फॅरडे १८६७ सालीच वारले होते आणि मॅक्सवेल १८७९ मध्ये, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.