त्रैराशिक: गुणायचे कधी आणि भागायचे कधी?

तीन संख्या दिलेल्या असताना चौथी काढायची रीत म्हणजे त्रैराशिक. समजा, फवारणीचे औषध १५ लिटरच्या पंपाला ३० मिली घालायचे आहे, तर २०० लिटरच्या पिंपाला किती लागेल? आधी एका लिटरचे काढावे: ३० ÷ १५ = २ मिली. मग २ × २०० = ४०० मिली. शाळेत हिला एकमान पद्धत म्हणतात. येथे हिशेब चुकून औषध जास्त पडले तर पाने करपतात, कमी पडले तर कीड तशीच राहते.

ही रीत जुनीच आहे. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीय' ग्रंथात ती दिली आहे: फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे. वरच्या उदाहरणात १५ हे प्रमाण, ३० हे फल आणि २०० ही इच्छा.

घोटाळा होतो तो पुढे. ६ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर ४ मजुरांना किती दिवस लागतील? सवयीने मुले १० × ४ ÷ ६ करतात आणि उत्तर साधारण पावणेसात दिवस येते. माणसे कमी झाली आणि काम लवकर उरकले! आकडेमोड बिनचूक, पण उत्तर अशक्य. येथे कायम राहते ते एकूण काम: ६ मजूर × १० दिवस = ६० दिवसांची मजुरी. ती चौघांत वाटली की ६० ÷ ४ = १५ दिवस.

हे व्यस्त त्रैराशिक. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ.स. ११५०) यासाठी सोन्याचे उदाहरण घेतले आहे. १० कसाचे एक गद्याणक सोने एका निष्काला मिळते, तर त्याच किमतीत १५ कसाचे किती मिळेल? कस वाढला की वजन घटणार, म्हणून १० × १ ÷ १५, म्हणजे दोन तृतीयांश गद्याणक.

तेव्हा पेन्सिल उचलण्याआधीच उत्तर दिलेल्या संख्येपेक्षा मोठे येणार की लहान, हे ठरवावे. परीक्षेत याला अर्धा मिनिटही लागत नाही.

काही प्रश्नांत मात्र दोन्ही प्रकार चालत नाहीत. दोरीवर एक सदरा वाळायला २ तास लागतात, तर शेजारी मोकळे पसरलेले ५ सदरे वाळायला किती? दोनच तास.