दगडाचा दरवाजा, रंगाची रेघ

मुंबईच्या हुतात्मा चौकात आपण कधी कचेऱ्या सुटण्याच्या वेळी उभे राहिला असाल, तर मी कोणत्या गोंधळाविषयी बोलतो आहे हे निराळे सांगावयास नको. दादाभाई नवरोजी मार्ग, महात्मा गांधी मार्ग आणि वीर नरिमन मार्ग येथे एकमेकांना भेटतात. भेटतात म्हणण्यापेक्षा भिडतात. मोटारी, बसगाड्या, टॅक्सी, फटफट्या, मधूनच एखादी हातगाडी आणि या साऱ्यांच्या फटींतून वाट काढणारी माणसे. “पूर्वी असे नव्हते हो! मुंबईला शिस्त होती,” असे शेजारचे गृहस्थ म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. पण ती शिस्त होती तरी कोणाची, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे.

ही जागा मूळची चौकाची नव्हे, ती दरवाजाची. अठराव्या शतकात इंग्रजांनी येथल्या वस्तीभोवती तट बांधला, पुढे बाहेरून खंदक खणला आणि जाण्यायेण्यास तीन दरवाजे ठेवले: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्चगेट. सेंट थॉमसच्या चर्चकडे नेणारे म्हणून ते चर्चगेट, आणि ते आजच्या या चौकापाशी होते. रात्री दरवाजे बंद होत. दिवसा दोन्हीकडून गाड्या आल्या, की एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने निघायचे. थांबावे की थांबू नये याचा विचार गाडीवानाला करावा लागत नसे. त्याच्या वतीने तो दगडाने केलेला असे.

पुढे शहर वाढले, आणि हा तट गळ्याला काचू लागला. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. नव्या इमारतींना जागा हवी होती, रस्त्यांना रुंदी हवी होती. सर बार्टल फ्रिअर १८६२ साली गव्हर्नर झाले आणि त्यांच्या अमदानीत तट जमीनदोस्त झाला. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये निघाले, ते याच धामधुमीच्या दिवसांत. दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, जुन्या चर्चगेटच्या जागी फुलांची रोमन देवता फ्लोरा हिचे कारंजे उभे राहिले. जेथे थांबावेच लागे, तेथे आता वळसा घालून पुढे जाता येऊ लागले. भिंत पाडणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. हवा आली, उजेड आला, वाट मोकळी झाली. मात्र भिंतीबरोबर थांबण्याची सक्तीही गेली, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले असेल काय?

दगड गेला, पण त्याच्या मागोमाग लोखंड आले. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची. ट्रामने अपघात केले नाहीत असे नव्हे. पण तिला रूळ सोडून भलतीकडे शिरता येत नसे. ती कोठून येणार आणि कोठे जाणार हे रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक असे. मग १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. बसला रूळ नाहीत. तिला केवळ चालकाचे हात आणि त्याची बुद्धी. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, आणि लोखंडाचा धाकही संपला. आता उरला तो रंग: डांबरावर ओढलेले पांढरे पट्टे आणि खांबावरचा तांबडा दिवा. दगड माणसाला अडवतो, लोखंड गाडीला बांधून ठेवते. रंग मात्र फक्त विनंती करतो. ती मानावी की नाही, हे आपल्यावर.

आपल्यावर म्हणजे माझ्यावरही. ट्राम बंद झाली त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. मी कॉलेजात होतो. याच चौकात पलीकडे माझी बस लागलेली दिसली आणि दिवा विरुद्ध असताना मी धावत सुटलो. कागदाची रिमे लादलेली एक हातगाडी उतरत्या वेगाने येत होती. मला चुकवण्यासाठी गाडीवाल्याने दांडी वळवली, गाडी कलंडली आणि तो गुडघ्यावर आपटला. हे मी बसच्या पायरीवरून पाहिले. कंडक्टरने घंटी दिली, बस निघाली. मी उतरलो नाही. त्याचा गुडघा किती फुटला, भिजल्या मळल्या कागदाचे पैसे कोणी भरले, मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी वेळेवर घरी पोहोचलो, एवढे खरे.

म्हणून कोणी “शिस्त राहिली नाही” म्हणाले, की मला तो हातगाडीवाला आठवतो. शिस्त त्याच्यापाशी होती. त्याने स्वतः पडून मला वाचवले; त्याला ना दगडाची गरज लागली, ना रुळाची.

या जागेला आणखीही एक आठवण आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर येथे गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसे मेली. १९६१ साली स्मारक झाले, शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे राहिले, आणि कारंज्याच्या चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. जेथे माणसांनी राज्यासाठी प्राण दिले, तेथे एका बससाठी कोणी दुसऱ्याचा गुडघा फोडावा, हे त्या नावाला शोभत नाही.

काही वर्षांपूर्वी या भागात खोदकाम चालू असता डांबराखालून ट्रामचे जुने रूळ निघाले. ही बातमी वाचून मी मुद्दाम तिकडे गेलो. परतताना दिवा तांबडा होता, रस्ता रिकामा होता, मागून लोक मला ढकलून पुढे जात होते. “आजोबा, चला की, काही येत नाही,” एक मुलगा म्हणाला. त्याचे खरे होते. काही येत नव्हते. तरी मी हिरवा दिवा होईपर्यंत पट्ट्याच्या अलीकडे उभा राहिलो. साठ वर्षांपूर्वी थांबायला हवे होते, तेथेच.