६० दिवस, सहा महिने, मुदतच नाही आणि पुन्हा सहा महिने!

पोस्ट थोडी मोठी आहे. पण घरात गाडी असो वा नसो, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावी.

अपघातात घरातला कर्ता माणूस गेला की आधी दहावं-तेरावं, मग दवाखान्याची बिलं, मग उधारी. कोर्टाचं नाव तेव्हा कुणाच्या डोक्यात येतं? पण कायद्याने मोजलेले दिवस अपघाताच्या तारखेपासूनच सुरू झालेले असतात. ही मुदत आली कुठून, ते बघू.

मोटार वाहन कायदा १९३९ चा, इंग्रजांच्या काळातला. त्यातली थर्ड पार्टी विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. गाडीमालक कफल्लक निघाला तरी पीडिताला पैसे मिळावेत, हा हेतू. पण भरपाई मागायची तर दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे. १९५६ च्या दुरुस्तीने त्यासाठी वेगळ्या न्यायाधिकरणाची सोय केली. मात्र अर्ज ६० दिवसांतच करायचा! १९६९ मध्ये त्याचे सहा महिने झाले. उशिराचं कारण पटलं तर नंतरही अर्ज घेता येई.

मग आला १९८८ चा कायदा. मृत्यू आणि दुखापतीसाठी विमा कंपनीच्या जबाबदारीवर असलेली रुपयांची मर्यादा त्याने काढली, हे चांगलंच झालं. पण मुदत उलट कडक केली. सहा महिने, आणि कारण कितीही खरं असलं तरी जास्तीत जास्त बारा. त्यापुढे दार बंद.

१४ नोव्हेंबर १९९४ पासून संसदेने ही अटच काढून टाकली. १९९६ मध्ये धन्नालाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर मुदतीच्या वादात अडकलेल्या जुन्या दाव्यांनाही त्याचा फायदा दिला. केवळ उशीर झाला म्हणून वारसांना हाकलणं हा अन्याय आहे, हे तेव्हा मान्य झालं होतं.

पुढची २७ वर्षं मुदत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट पुन्हा लागू झाली. या वेळी उशीर माफ करण्याची तरतूदही त्या कलमात नाही. जुन्या अपघाताचे साक्षीदार सापडत नाहीत, बोगस दावे घुसतात, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण बोगस दावा करणारा मुदत बरोबर पाळतो. चुकतो तो खरा गरजू.

या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, निकाल लागेपर्यंत केवळ मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नका. पण हा आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर बसून राहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. याच दुरुस्तीनुसार पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज धरायचा असतो. म्हणजे ठाण्यातलं काम वेळेत झालं, तर मुदत चुकण्याची वेळच येऊ नये. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच्या अंमलबजावणीसाठी सविस्तर निर्देशही दिलेत. तरी हे किती लोकांना ठाऊक आहे?

म्हणून ठाण्यात जाऊन विचारा, "साहेब, अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का?" त्याची प्रत मागा. अपघात परगावी झाला असला तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

शेजारीपाजारी कुणाच्या घरी असा प्रसंग झाला असेल, तर भेटायला जाल तेव्हा सांत्वनासोबत एवढं नक्की सांगा.