उपज आणि श्रोता

देवळा हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कांद्याची शेते, गिरणेचे खोरे आणि ओट्याओट्यावर ऐकू येणारी अहिराणी, अशी या परिसराची ओळख. येथील एखाद्या खेड्यात हरिनाम सप्ताह सुरू असला आणि मुक्काम पडला, की रात्री मी मांडवाच्या कडेला जाऊन बसतो. कीर्तनकार अभंग निवडून आलेले असतात. परंतु त्यातील कोणता चरण किती वेळा घोळवला जाईल, हे त्यांना घरून ठरवून आणता येत नाही. त्यांनी एखाद्या शब्दावर नवी जागा घेतली, की मागे उभे असलेले टाळकरी ती उचलून धरतात. समोरची मंडळी डोलू लागली, तर तोच चरण नव्या वळणाने पुन्हा येतो. कोणी पेंगताना दिसले, की मृदंगाची लय वाढते आणि नामाचा गजर सुरू होतो. कीर्तनकारांचे डोळे सतत माणसांवर असतात.

गायनातील या ऐनवेळच्या निर्मितीला आपल्या संगीतात ‘उपज’ म्हणतात. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बी पेरणाऱ्याचे असते. पण पीक जमिनीच्या ओलीवर येते. गायकाच्या बाबतीत ती ओल श्रोत्यांकडे असते.

हे नाते ज्यांनी राजवाड्याबाहेर आणले, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार. बालपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांनी गायनविद्या घेतली. त्या काळी उत्तम गवई बहुधा संस्थानिकांचे आश्रित असत. श्रोता एक, अन्नदाताही तोच. मग गायक त्याच्या मर्जीकडे पाहील, यात नवल ते काय! १८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. सामान्य माणसाने गाणे शिकावे, समोर बसून ऐकावे आणि दाद द्यावी, अशी वाट त्यांनी मोकळी केली. मुंबईतील संस्था कर्जापायी हातची गेल्यावर नाशिकचा रामनाम आधार आश्रम हेच त्यांचे मुख्य ठिकाण झाले. तेथे तुलसीदासांचे रामायण गात आणि सांगत त्यांनी अखेरची वर्षे वेचली. कीर्तनकाराचा मुलगा पुन्हा कीर्तनापाशीच आला. १९३१ मध्ये मिरज येथे त्यांचे निधन झाले.

याच काळात गाण्याला नवा श्रोता मिळाला होता. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत आणि गायचे ते कर्ण्यासमोर. कर्णा मान डोलावत नाही, ‘वाहवा’ म्हणत नाही. या यंत्राचे आपल्यावर उपकार आहेत; १९३७ मध्ये दिवंगत झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर आज आपण ऐकतो, तो त्याच्याच कृपेने. मात्र तबकडीवरील उपज तेथेच गोठलेली असते. आपण हसलो वा रडलो, तरी तिची एकही जागा बदलत नाही.

ख्रिस्तसभेलाही हा अनुभव जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत अगस्तीन यांनी स्तोत्रांवर विवेचन करताना सुगीतल्या मजुरांचा दाखला दिला. ही माणसे शब्दांनी गाणे सुरू करतात. आनंद अनावर झाला, की शब्द गळून पडतात आणि नुसता स्वर उरतो. आपल्या आलापाचे याहून सुंदर वर्णन मला ठाऊक नाही.

हे सारे मी सेमिनरीत शिकलो होतो. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे त्याच्या ११९व्या परिच्छेदात म्हटले आहे. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिले होते. तरीही तरुणपणी एका खेड्यात माझ्या हातून चूक घडली. मिस्सेच्या वेळी तेथील बायका गीताचे ध्रुवपद जात्यावरच्या चालीत घोळवीत आणि शेजारच्या आजारी मुलासाठी त्यात दोन शब्द आपल्या पदरचे घालीत. “पुस्तकात आहे तेवढेच म्हणा,” असे मी सर्वांसमक्ष सांगितले. पुढच्या रविवारी त्या अचूक गायल्या, पण हळू आवाजात. त्यापुढच्या रविवारी पेटीवाला आणि मी असे दोघेच गात होतो.

चूक उमगल्यावर मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी ती तत्काळ दिली; गाणे मात्र परतायला वर्ष लागले. प्रथम एका वृद्धेने ओळ लांबवली, मग दुसरीने तीत आपला शब्द घातला. समोर ऐकणारे कान आहेत, अशी खात्री पटल्यावाचून माणूस आपले गाणे उघडे करीत नाही, हे मला त्या वर्षाने शिकवले.

देवळ्याच्या मांडवात बसलो असता त्या बायका आठवतात. आता उपासनेत कोणी ओळ लांबवली, तर मी घड्याळाकडे पाहत नाही. पुस्तक मिटून ध्रुवपद धरतो.