हत्तीपक्ष्याचं गोत्र

मादागास्करच्या दक्षिण किनाऱ्यावर वाळूत आजही अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडतात. तीन-चार मिलिमीटर जाड आणि इतके सपाट, की फुटक्या माठाची खापरंच वाटावीत. अख्खं अंडं फूटभर लांब आणि आत आठ-नऊ लिटरचा ऐवज! ते घालणारा हत्तीपक्षी उभा राहिला की तीन मीटर भरे आणि वजनात अर्ध्या टनाच्या पुढे जाई. पंख मात्र नावापुरते.

युरोपला त्याची खबर दिली एत्येन द फ्लाकूर या फ्रेंच गव्हर्नराने. शहामृगासारखी अंडी घालणारा आणि माणसाला टाळून ओसाड मुलखात राहणारा एक भलामोठा पक्षी या बेटावर आहे, असं त्याने १६५८ साली लिहून ठेवलं. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी अंडी आणि काही हाडं पॅरिसला पोचली. १८५१ साली इझिदोर जोफ्रवा सँ-तिलेर यांनी पक्ष्याचं बारसं केलं: एपिऑर्निस मॅक्सिमस.

नाव मिळालं, गोत्र ठरेना.

शेजारी आफ्रिका आणि तिथे शहामृग, तेव्हा भाऊबंद तेच असणार, असं वाटणं साहजिक होतं. गोंडवन या प्राचीन महाखंडाचे तुकडे होताना हे न उडणारे पक्षी आपापल्या भूभागाबरोबर वाहत गेले, अशा तर्काची त्याला जोडही मिळाली.

२०१४ साली अ‍ॅलन कूपर आणि सहकाऱ्यांनी जुन्या हाडांतला डीएनए वाचला आणि सगळी वंशावळच फिरली. सर्वांत जवळचा नातेवाईक निघाला न्यूझीलंडचा कोंबडीएवढा कीवी! दोघांच्या वाटा फुटल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. मादागास्कर तर त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, भारतापासून सुटून एकटं पडलं होतं. म्हणजे दोघांचा पूर्वज उडणारा होता. उडणं सोडलं ते वंशजांनी, आपापल्या बेटावर.

२०१८ साली कवटीच्या आतल्या पोकळीचा अभ्यास झाला. मेंदूतला दृष्टीचा भाग अगदी लहान निघाला, कीवीसारखाच. हत्तीपक्षीही बहुधा निशाचर होता.

हजारेक वर्षांपूर्वी हे कुळ संपलं. काही हाडांवर हत्यारांचे घाव आहेत. माणसाचा हात त्यात असावा.

कीवीचं एक जुनं कोडंही हत्तीपक्ष्याशी जुळलेल्या या नात्यामुळे नव्याने मांडावं लागलं. त्याचं अंडं मादीच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढं असतं. थोराड पूर्वजाचं शरीर आक्रसलं, अंडं तेवढंच राहिलं, असं पूर्वी सांगत. पूर्वज उडणारा, म्हणजे अंगाने बेताचाच ठरल्यावर हे स्पष्टीकरण टिकत नाही.