मँटिस श्रिंप : कात टाकण्याच्या काळातील निगा

कवचधारी प्राण्यांच्या स्टोमॅटोपोडा गणातील सागरी, शिकारी प्राण्यांना मँटिस श्रिंप म्हणतात. कोळंबीशी त्यांचे नाते दूरचे आहे. गणात 450 हून अधिक जाती असून शिकारीच्या पद्धतीवरून त्यांचे दोन ढोबळ गट पडतात : काटेरी पायांनी मासे व कोळंबी भोसकणाऱ्या जाती आणि जाड, गोलसर गदांनी शिंपले व खेकडे फोडणाऱ्या जाती. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर सापडणारी मियाकेला नेपा ही जात पहिल्या गटातली. हौसेने पाळल्या जातात त्या बहुधा दुसऱ्या गटातल्या. त्यांत सर्वाधिक मागणी मोरपंखी मँटिस श्रिंपला (ओडोंटोडॅक्टिलस सिलॅरस) असते. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण भागांत प्रवाळांच्या आसपासच्या वाळूत व खडीत हा प्राणी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे बीळ करून राहतो. लांबी 18 सेंमी.पर्यंत, अंग हिरवे-निळे, पाय तांबूस आणि कवचाच्या दोन्ही बाजूंना बिबट्यासारखे ठिपके. पुढील माहिती मुख्यतः याच जातीविषयी आहे.

कवच कायटिन, प्रथिने व कॅल्शियमचे क्षार यांचे बनलेले असते. ते अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून ठरावीक काळाने टाकावे लागते. डोळ्यांच्या देठांतील ग्रंथींचे एक संप्रेरक ही क्रिया रोखून धरते. त्याचे प्रमाण घटले की एक्डायसोन गटातील संप्रेरके वाढतात, त्वचा जुन्या कवचापासून सुटते आणि त्याच्याखाली नवे, मऊ कवच तयार होऊ लागते. जुन्या कवचातले काही क्षार शरीर परत शोषून घेते. शेवटी प्राणी पाणी घेऊन फुगतो, जुने कवच पाठीच्या बाजूने उकलते आणि तो त्यातून निसटतो. त्याबरोबर डोळ्यांवरचे आवरण आणि अन्नमार्गाच्या पुढच्या व मागच्या भागांचे अस्तरदेखील निघून येते. गदाही त्याला अपवाद नाहीत.

गदा जातात म्हणजे काय जाते, हे समजून घेतले पाहिजे. शीला पटेक, वाइअट कॉर्फ व रॉय कॉल्डवेल यांनी 2004 मध्ये मोरपंखी जातीच्या प्रहाराचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत जातो असे दाखवले. 1998 मध्ये इंग्लंडमधील ग्रेट यारमथ येथील मत्स्यालयात ‘टायसन’ नावाच्या प्राण्याने टाकीची काच फोडली होती. गदेचा बाहेरचा थर हायड्रॉक्सीॲपटाइट या खनिजाने कठीण झालेला असतो. कात टाकल्यावर आलेली नवी गदा मऊ असते आणि काही दिवस तिने साधा शंखही फुटत नाही. समुद्रतळावरच्या सर्वांत धाकदायक शिकाऱ्यांपैकी हा एक. तो या दिवसांत एखाद्या लहानशा खेकड्याच्याही तावडीत सापडू शकतो. त्याला वाचवते ते फक्त बीळ.

म्हणून निगेची खरी तयारी कात टाकण्याच्या कितीतरी आधी, टाकी मांडतानाच करायची असते. बीळ प्राण्याच्या लांबीच्या निदान दोन-तीन पट लांब हवे. ते इतके रुंद असावे, की प्राण्याला आत दुमडून उलटे वळता येईल, पण इतके ऐसपैस नसावे की भिंतींचा आधारच मिळणार नाही. वाळूत पुरलेला पीव्हीसीचा वाकडा नळ चालतो. त्याची मधली बाजू अंधारी ठेवावी. टाकीत वाळूबरोबर प्रवाळखडी, शिंपल्यांचे तुकडे आणि लहान दगड भरपूर टाकावेत, कारण दार बंद करायला प्राण्याला तेच लागतात. त्याचे हे काम पाहण्यासारखे असते. तोंडाजवळच्या पायांत एक दगड धरून तो आणतो, दाराशी बसवतो, पटला नाही तर फिरवून पुन्हा ठेवतो. मोठे तुकडे बसले की फटींत बारीक खडी भरतो आणि पाण्याच्या येण्याजाण्यापुरती जागा सोडतो. ज्या टाकीत नुसती बारीक वाळू आहे, तिथे त्याला हे करता येत नाही.

लहान प्राणी एक-दोन महिन्यांनी, तर पूर्ण वाढलेले बरेच महिने मध्ये जाऊ देऊन कात टाकतात. जात, वय, तापमान व आहार यांनुसार हे अंतर बदलते. वेळ जवळ आली की भूक मंदावते, रंगांची झळाळी उतरते, प्राणी बिळाबाहेर कमी दिसतो. एखादा पाय तुटलेला असेल, तर त्या जागी नव्या पायाचा कोंब फुगून आलेला दिसतो. हा कोंब दिसला, तर इतर कोणत्याही लक्षणापेक्षा त्यावर अधिक विसंबावे. गदा असलेल्या अनेक जाती रोज रात्री दार लावतात. त्यामुळे एका सकाळी दार बंद दिसले म्हणून निष्कर्ष काढू नये. दिवसा बाहेर वावरणारा प्राणी सलग काही दिवस दारामागे राहिला आणि अन्नाकडे फिरकला नाही, तर मात्र कात टाकण्याची तयारी चालू आहे असे धरून चालावे.

पाणी स्थिर ठेवणे हे या दिवसांतले मुख्य काम. क्षारता हजारी 33 ते 35, तापमान साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस, पीएच 8.1 ते 8.4, कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे 1,300 मिलिग्रॅम. अमोनिया व नायट्राइट शून्य. नवे कवच कठीण होण्यासाठी लागणारे बरेचसे कॅल्शियम पाण्यातूनच येते. तरीही आकडा थोडा कमी दिसला म्हणून एका दिवसात रसायने ओतून तो वर चढवणे अपायकारक ठरते. पाण्यात आयोडीन घालावे की नाही, यावर हौशी लोकांत जुना वाद आहे. चांगल्या प्रतीचे सागरी मीठ वापरून नियमित पाणीबदल होत असेल, तर वेगळे आयोडीन घालण्याची गरज नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मोजमाप न करता घातलेले आयोडीन विषारी ठरू शकते. तांबे असलेली माशांची औषधे या टाकीत कधीच वापरू नयेत. अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबे अल्प प्रमाणातही घातक असते. बाष्पीभवनाने घटलेले पाणी आरओच्या गोड्या पाण्याने रोज थोडे थोडे भरावे. मोठा पाणीबदल दार उघडेपर्यंत पुढे ढकलावा.

अन्न म्हणून सोडलेले खेकडे, शंखातले खेकडे आणि कोळंबी दार बंद होताच काढून घ्यावीत. हे टाळण्याकडे अनेकांचा कल असतो, पण मऊ पडलेल्या प्राण्याला ते कुरतडतात. न खाल्लेले अन्न कुजून पाणी बिघडवते, म्हणून तेही उचलावे. दिवे मंद करावेत.

यापुढे काही करायचे नसते, आणि पाळणाऱ्याला नेमके तेच जड जाते. आठवडा उलटला की प्राणी मेला असेल अशी शंका येते. मग दगड सरकवले जातात, नळ उचलून उजेडात धरला जातो. अर्ध्या कवचात अडकलेला प्राणी अशा वेळी हलवला, तर नवे पाय वाकडे होतात किंवा तुटतात, आणि बहुतेक वेळा तो दगावतो. प्राणी खरोखर मेला असेल, तर पाण्याला वास येतो आणि अमोनिया चढतो. रोज अमोनिया तपासावा. तो शून्य असेल तोवर दाराला हात लावू नये. बंद दारामागचे दोन आठवडे ही अपवादात्मक बाब नव्हे.

कॉल्डवेल व रिक स्टीगर यांचा 1983 चा अभ्यास येथे उपयोगी पडतो. गोनोडॅक्टिलस ब्रेडिनी या जातीचे नुकतीच कात टाकलेले प्राणी प्रहार करण्याच्या स्थितीत नसूनही बिळावर चालून येणाऱ्याला पुढचे पाय फैलावून धमकावतात, असे त्यांना आढळले. टाकीतला प्राणी दाराशी येऊन असा पवित्रा घेतो, तेव्हा तो सावरला असे समजून त्याला जिवंत खेकडा देऊ नये. पहिले तीन-चार दिवस तो सर्वाधिक मऊ असतो, पुरता टणकपणा यायला आणखी बरेच दिवस लागतात. सुरुवातीला कोळंबीचे सोललेले मांस किंवा उघडलेला शिंपला चिमट्याने दाराशी ठेवावा. शंख-खेकडे त्यानंतर.

टाकलेली कात पोकळ, हलकी व पारदर्शक असते, डोळ्यांच्या जागी रिकाम्या वाट्या असतात. मेलेले शरीर अपारदर्शक, गुलाबीसर व जड दिसते. कात बिळाबाहेर पडली असेल तर उचलावी. आत असेल तर राहू द्यावी, प्राणी तिचा काही भाग खाऊही शकतो.

मोरपंखी जातीला एक वेगळा धोका असतो. तिच्या कवचावर काळपट-तपकिरी खड्डे पाडणारा रोग पाळीव प्राण्यांत वारंवार दिसतो. प्रखर उजेड आणि आखूड बीळ यांच्याशी अनुभवी पाळणारे त्याचा संबंध जोडतात. वरवरचा डाग कातीबरोबर निघून जातो. खोल गेलेला डाग मात्र जुने व नवे कवच एकमेकांना चिकटवतो, आणि प्राणी कात टाकतानाच मरतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. सुमारे 150 लिटरची टाकी, खडीचा खोल थर आणि मंद प्रकाश यांची सोय नसेल, तर मोरपंखी जात घेऊ नये. निओगोनोडॅक्टिलस वेन्नेराय ही काही सेंटिमीटरचीच, काटक जात लहान टाकीत आणि लहान बिळात निभावते. नवख्याने तीच निवडावी.